पिंगळ्याचा हयातीचा दाखला

ओळखपत्र विभागाच्या हेडक्लार्कसाहेबांनी तीस वर्षांच्या नोकरीत एकूण किती फोटो नापास केले, याची नोंद कुठे सापडत नाही. पण ज्यातला निदान एक माणूस त्यांच्या खिडकीवरून तोंड पाडून परत गेलेला नाही, असं घर शहरात शोधून सापडायचं नाही. चेहरा सरळ समोर हवा, दोन्ही डोळे पूर्ण उघडे हवेत, मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी हवी, अंगावर सावली नको. हे सगळं नियमावलीच्या सहाव्या कलमात लिहिलेलं आहे आणि साहेबांना ते स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होतं. खुद्द सासऱ्यांचा फोटो त्यांनी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा सासरे असे काही डोळे वटारून बसले, की त्यांचं ओळखपत्र बघणारा अजूनही विचारतो, "यांना नेमकं काय झालं होतं?" ऑफिसात पाठीमागे सगळे साहेबांना 'कलम सहा' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

अशा माणसाच्या नशिबी मेहुणा आला तो रानावनात फोटो काढत हिंडणारा. बायकोचा हा धाकटा भाऊ वर्षातले चार महिने कुठल्यातरी पाणथळीत पोटावर पालथा पडलेला असे आणि उरलेले आठ महिने आपण तिथे कसे पालथे पडलो होतो ते सांगत असे. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स माणसाच्या पोटरीएवढी होती. एका रविवारी त्याने बहिणीच्या घरी येऊन गरुडाचा फोटो दाखवला. गरुड पंख पसरून तळ्यावर झेपावतोय, पंजात मासा, पाण्याचे थेंब उडालेले. वहिनी (सगळी सोसायटी साहेबांच्या बायकोला वहिनीच म्हणत असे, म्हणून आपणही तेच म्हणू) दोन्ही हात गालांवर ठेवून "अगंबाई!" म्हणाल्या. साहेबांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला आणि विचारलं,

"याचा डावा डोळा कुठे आहे?"

"भाऊजी, तो बाजूने उडतोय."

"तेच म्हणतोय. बाजूने. शिवाय मागे गवत, पाणी, काय वाटेल ते आहे. उद्या हाच गरुड आहे की दुसरा कुठला, हे कसं ओळखायचं?"

मेहुणा एवढा हसला, की चहा नाकात गेला. मग डोळे पुसत म्हणाला, "भाऊजी, तुम्ही एक काढून दाखवा. निसर्ग मंडळाचं प्रदर्शन आहे तीन महिन्यांनी. तिथे तुमचा एक फोटो लागला तर मी हात जोडून तुम्हाला गुरू करीन."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा साहेबांचा स्वभाव नव्हता. पण बायकोदेखत झालेला अपमान होता. ते म्हणाले, "लागेल. आणि नाही लागला, तर या जन्मात दुसऱ्याच्या फोटोबद्दल घरात-बाहेर एक शब्द बोलणार नाही."

वहिनी दचकल्याच. फोटोंबद्दल बोलायचं नाही म्हणजे साहेबांनी बोलायचं कशाबद्दल? लग्नाच्या अल्बमपासून वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांपर्यंत त्यांचं सगळं संसारी संभाषण त्यावरच उभं होतं. पण शब्द गेला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो ऑफिसातही सांगितला, त्यामुळे माघारीचा दरवाजाही बंद झाला. संध्याकाळी कॅमेरा घरात आला.

पहिले पाच रविवार तळ्यावर गेले. तळं बसने पाऊण तासावर. साहेब पहाटे निघत, सोबत कॅमेरा, डबा, छत्री आणि एक पांढरी चादर. चादर कशाला, हे वहिनींनी विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना कळलं होतं. बगळा दिसला की साहेब हळूच चादर घेऊन त्याच्या मागच्या झुडपाकडे सरकत, ती दोन फांद्यांना बांधत आणि परत कॅमेऱ्याकडे येईपर्यंत बगळा पलीकडच्या काठावर गेलेला असे. पाच रविवारांत एकशे चाळीस फोटो निघाले. त्यातल्या बहुतेकांत नुकताच पक्षी उडालेली फांदी होती. उरलेल्यांत चादर होती.

आणि जे पक्षी बसले, ते सगळे आडवे बसले. पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, ही गोष्ट साहेबांना पंचावन्नाव्या वर्षी कळली आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. एका खंड्याला ते अर्धा तास "समोर बघा, समोर" म्हणत होते. खंड्याने समोर बघितलं तेव्हा नुसती चोच दिसायला लागली आणि दोन्ही डोळे दोन बाजूंना गायब झाले.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. सोसायटीतल्याच समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही अंतर आणि कोन यांचा विचार करत नाही." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मी असतो तर पक्षी पिंजऱ्यात आणून काढला असता. पण मला गुडघ्यामुळे काही करता येत नाही." सेक्रेटरींना गुडघ्यामुळे गेली तीन वर्षं काहीच करता येत नव्हतं. टाकी साफ करायची असो की गेटला रंग द्यायचा असो, ते खुर्ची टाकून बसत आणि गुडघा चोळत इतरांना सूचना देत. ऑफिसच्या शिपायाने सांगितलं, "साहेब, पोपट घ्या. तो थांबतो आणि बोलतोही."

मग एका सकाळी बाथरूममध्ये दात घासताना साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पंपघर आहे. त्याला नुकताच पांढरा रंग दिलेला. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर कट्ट्यावर एक पिंगळा बसला होता. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. चपटं गोल तोंड, दोन मोठे पिवळे डोळे आणि दोन्हीच्या दोन्ही समोर! ते सरळ साहेबांकडे बघत होते. सावली नाही, मागे कोरी भिंत, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. काखेत कळसा आणि तळ्याला पाच वळसे! साहेबांना अक्षरशः भरून आलं. तीस वर्षांत एवढा नियमाला धरून बसलेला अर्जदार त्यांच्या खिडकीसमोर आला नव्हता.

पिंगळा फक्त बाथरूमच्याच खिडकीतून दिसत होता आणि यायचा तो सकाळी सहा ते आठ. त्यामुळे सहा ते आठ बाथरूम साहेबांच्या ताब्यात गेलं. ते बादली उपडी घालून तिच्यावर बसत, कॅमेरा खिडकीच्या गजांवर टेकवत, डोक्यावरून हिरवा टॉवेल घेत. नळ सोडायचा नाही, कारण आवाज होतो. दिवा लावायचा नाही. वहिनींनी चार दिवस तोंड स्वयंपाकघरात धुतलं आणि पाचव्या दिवशी दारावर थाप मारायला सुरुवात केली.

"अहो, तुम्ही आत आहात की गेलात?"

"हळू बोल. तो डोळे मिटेल."

रोज पन्नास-साठ फोटो निघत. रोज संध्याकाळी साहेब ते तपासायला बसत आणि पिंगळ्याने मान वळवली, पाय उचलला, एक डोळा मिटला, पंख झाडला, असे सगळे सदोष म्हणून पुसून टाकत. ही सवय होती. सदोष ते ठेवायचं नाही. तीन आठवड्यांनी एकच फोटो उरला. पिंगळा ताठ, समोर, दोन्ही डोळे गरगरीत उघडे. साहेबांनी त्याची एक प्रत काढून मंडळाकडे पाठवली आणि तरीही सवयीने आणखी एक सकाळ बादलीवर जाऊन बसले.

त्या सकाळी दाराची बेल वाजली. वहिनींचे हात धुण्यात होते, म्हणून साहेबांनाच उठावं लागलं. त्यांनी वहिनींना आत बोलावलं, त्यांच्या ओल्या हातात कॅमेरा दिला आणि बजावलं, "नुसता धरून उभी राहा. कशाला हात लावू नकोस."

हात न लावता कॅमेरा धरायचा कसा, हे विचारायला वहिनींना सवड मिळाली नाही. साहेब दाराकडे पळाले. दारात सेक्रेटरींनी पाठवलेला वॉचमन होता आणि त्याच्या हातात नोटीस होती.

गणिताच्या बाईंची लेखी तक्रार होती. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पंपघराच्या बरोबर खाली. समोरच्या बाथरूममधून गेले तीन आठवडे टॉवेल पांघरलेला एक इसम आपल्यावर लेन्स रोखून असतो, असं त्यांनी लिहिलं होतं आणि सोबत कोनाची आकृती काढून दिली होती. रविवारी सकाळी दहाला सभा.

साहेबांची अन्नावरची वासनाच उडाली. तीस वर्षं डोळ्यांत डोळे घालून लोकांना परत पाठवलेला माणूस सोसायटीच्या हॉलमध्ये मान खाली घालून बसला. शेजारी वहिनी बसल्या होत्या, त्यांची मात्र मान वर होती. "अहो बाई, यांना तीस वर्षांत माझ्याकडे नीट बघायला वेळ नाही झाला, तुमच्याकडे कुठून बघतील?" असं त्यांनी भर सभेत विचारलं. हा बचाव होता की तक्रार, हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी साहेब उठले. "माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड टीव्हीला लावा. पिंगळ्याशिवाय दुसरं काही दिसलं तर मी घर सोडून जाईन."

कार्ड लावलं. पहिला फोटो: पिंगळा, समोर. सभेने माना डोलावल्या. कार्डावर आणखी एकच फोटो होता, नोटीस आली त्या सकाळी वहिनींच्या ओल्या हातून बटण दाबलं गेलं तेव्हाचा, नोटिशीच्या गडबडीत तपासायचा राहून गेलेला. तो दिसला आणि हॉलमधल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

फोटो तिरका होता. पिंगळ्याने एक डोळा मिटला होता, एक पाय वर घेतला होता आणि मान पार मागे फिरवून तो पंपघराच्या बाजूच्या मोकळ्या गच्चीकडे बघत होता. गच्चीवर सेक्रेटरी होते. कानांत गाण्याच्या वायरी, दोन्ही हात आभाळाकडे, पोट एका दिशेला, तोंड दुसऱ्या. ते नाचत होते. नाचता नाचता उडी मारली होती आणि नेमके हवेत होते.

गणिताच्या बाई टीव्हीजवळ गेल्या. "दोन्ही पाय जमिनीपासून निदान एक फूट वर आहेत," त्यांनी जाहीर केलं. "गुडघा कुठला दुखतो म्हणालात?"

पुढची दहा मिनिटं सभेला कामकाज करता आलं नाही. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "पुसा तो फोटो! आत्ताच्या आत्ता पुसा!"

साहेबही एरवी पुसणारच होते. इतका सदोष फोटो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण आता तो त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा होता आणि पुरावा नष्ट करता येत नाही. त्यांनी तसा ठरावच मांडला. कार्ड पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवावं. ठराव मंजूर झाला. बाईंनी तक्रार मागे घेतली. साहेब ताठ मानेने घरी आले आणि त्यांनी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

मंगळवारी मंडळाचं पत्र आलं.

"आपण पाठवलेल्या छायाचित्राचे परीक्षकांनी बारकाईने अवलोकन केले. सदर पक्षी पेंढा भरलेला असावा, असे तीन परीक्षकांपैकी तिघांचे मत पडले आहे. मृत वा कृत्रिम पक्ष्यांची छायाचित्रे नियमात बसत नाहीत. तरी सदर पक्षी जिवंत असल्याचा पुरावा येत्या शुक्रवारपर्यंत सादर करावा, अन्यथा आपला अर्ज नामंजूर समजण्यात येईल."

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. भाषेत खोट काढायला कुठेही जागा नव्हती, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. ते अर्धी रजा टाकून मंडळाच्या कार्यालयात गेले. तिथेही खिडकी होती आणि खिडकीत एक तरुण कारकून बाई होत्या.

"त्याच पक्ष्याचा, त्याच जागी, हालचाल करतानाचा फोटो द्या. म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

"अहो, तो जिवंत आहे! मी माझ्या डोळ्यांनी रोज बघतो. मी सांगतोय ना तुम्हाला!"

"तुम्ही सांगून कसं चालेल? कागद बोलला पाहिजे." मग थोडं थांबून, "ओळखलं नाहीत मला. आमच्या आईचा फोटो तुम्ही दोनदा परत केला होता. आई समोर उभी होती, तेव्हा तुम्ही हेच म्हणाला होतात."

साहेब गुपचूप बाहेर पडले. हालचालीचे फोटो त्यांनी हजारभर तरी काढले होते आणि एकेक करून स्वतःच्या हाताने पुसले होते. नवा काढावा म्हणून बुधवारी पहाटे ते बादलीवर जाऊन बसले, तर कट्टा रिकामा आणि गच्ची भरलेली. सभेनंतर सोसायटीतल्या दहा-बारा बायकांनी सेक्रेटरींना गळ घातली होती, की आम्हालाही हा व्यायाम शिकवा. सेक्रेटरींचा गुडघा त्या दिवसापासून जो बरा झाला तो आजतागायत बरा आहे. रोज सहा ते आठ वर्ग चालू झाला होता आणि सगळ्यांत पुढच्या रांगेत गणिताच्या बाई उड्या मारत होत्या. पिंगळा कुठल्या कुठे निघून गेला होता.

राहता राहिला पुरावा. तो होता कपाटात, लाखेखाली, साहेबांच्याच ठरावाने. साहेबांनी अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी तो वाचला आणि म्हणाले, "सील तोडायचं तर सभा घ्यावी लागेल. सभेला सात दिवसांची नोटीस."

"शुक्रवार परवा आहे हो!"

"सील करायचा ठराव तुमचाच." सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलले. आणि मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "फोटो प्रदर्शनात लागणार आहे का?"

"नाही, नाही. नुसता पुरावा म्हणून. परीक्षकांपुरता."

"अरेरे," सेक्रेटरी म्हणाले आणि खरोखर हळहळले. "लागला तर बघा. माझी हरकत नाही. वर्गाचीही जरा जाहिरात होईल." असं म्हणून त्यांनी तातडीच्या अधिकारात सील तोडलं आणि संमतिपत्रावर सही केली. 'छायाचित्रातील इसम' हे शब्द खोडून त्यांनी तिथे 'छायाचित्रातील कलावंत' असं लिहिलं.

शुक्रवारी मंडळाचं कार्यालय बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी साहेबांनी पुरावा खिडकीत दिला. पावती मिळाली. आता त्यांच्या हातात काही नव्हतं. पुढचे आठ दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. ऑफिसात एका म्हाताऱ्याचा एक डोळा अर्धवट मिटलेला फोटो आला, तर त्यांनी तो चक्क पास केला आणि शिपायाने घरी जाऊन वहिनींना सांगितलं, की साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये साहेब वहिनींना घेऊन गेले. मेहुणा आधीच आला होता. ऑफिसातली माणसंही आली होती, निम्मी जिंकताना बघायला आणि निम्मी हरताना. साहेबांनी पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. हरीण, साप, फुलपाखरू, मेहुण्याचा तो गरुड. आपला पिंगळा नाही. दुसरी भिंत, नाही. तिसऱ्या भिंतीसमोर ही गर्दी! लोक पोट धरधरून हसत होते आणि हसून झालं की पुन्हा बघत होते. साहेब टाचा उंचावून बघू लागले.

भिंतीवर पुरावा लावला होता. एक डोळा मिटलेला पिंगळा मान फिरवून बघतोय आणि मागे माणूस आनंदाने हवेत गेलेला. खाली पाटी, पाटीवर साहेबांचं नाव.

"भाऊजी," मेहुणा गर्दीतून पुढे आला आणि त्याने खरोखर हात जोडले. "हरलो. वीस वर्षांत असा क्षण मला नाही सापडला. गुरू!"

ऑफिसने टाळ्या वाजवल्या. वहिनी फोटोकडे टक लावून बघत होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "किती सुंदर आलाय हो तुमचा फोटो!"

त्या साफ विसरल्या होत्या. हातातलं धुणं टाकून दोन मिनिटं धरलेला कॅमेरा कोण लक्षात ठेवतं? जगात ही गोष्ट आता एकट्या साहेबांना माहीत होती. पैज जिंकली होती, मेहुणा हात जोडून उभा होता, बायकोच्या डोळ्यांत लग्नानंतर इतक्या वर्षांनी कौतुक दिसत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. साहेबांना मोह झाला, चांगला घसघशीत मोह झाला. पण एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव, हे त्यांच्या हातून तीस वर्षांत कधी घडलं नव्हतं आणि आता घडलं असतं तर त्या रात्री झोप लागली नसती. शिवाय त्यांना खरोखर असं वाटलं, की हा फोटो आपल्याला काढताच आला नसता. आपण बटण दाबलं नसतं. आपण पिंगळा सरळ व्हायची वाट बघत बसलो असतो.

त्यांनी खिशातून पेन काढलं. पाटीवरचं स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं, वर बायकोचं नाव लिहिलं, बाजूला तारीख टाकली आणि दुरुस्तीवर सही केली.

"हे काय करताय?" वहिनी घाबरल्या.

"तू काढलायस. बेल वाजली होती, आठवतंय?"

वहिनींना आठवलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. मेहुणा एकदा बहिणीकडे, एकदा भाऊजींकडे बघत राहिला. "म्हणजे भाऊजी, पैज..."

"हरलो," साहेब म्हणाले. "आजपासून फोटोंबद्दल एक शब्द नाही."

एवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई वहिनींजवळ आल्या. "तुमचाच ना हा? फार धाडसी रचना आहे. कॅमेरा मुद्दाम तिरका धरलात? या क्षणासाठी किती दिवस वाट पाहिलीत?"

"वाट कसली?" वहिनी म्हणाल्या. "यांना अंघोळीला बाहेर काढायची वाट बघत होते. हात ओला होता, बटणावरून घसरला."

सगळा हॉल हसला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. साहेबांना त्यावर बोलण्यासारखं खूप होतं. क्षितिजाबद्दल, मिटलेल्या डोळ्याबद्दल, फोकसबद्दल, विशेषतः ओल्या हातांनी कॅमेरा धरण्याबद्दल. सगळं अगदी ओठांवर आलं. पण पैज ती पैज. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले, त्या बाकीच्यांच्या थांबल्या तरी वाजवतच राहिले.